घरी गाणं रेकॉर्ड करायचंय? आमच्या ठेचा आधी वाचून घ्या

आमचं पहिलं गाणं चार मिनिटांचं होतं. चौघांनी आपापल्या घरून आपापला भाग रेकॉर्ड करून पाठवला, मी सगळं एका प्रोजेक्टमध्ये टाकलं, प्ले दाबलं, आणि आमची गाणारी मैत्रीण गाणं संपवून मोकळी झाली तेव्हा गिटारवाला अजून शेवटच्या कडव्यातच होता. वर तिचा आवाज असा बारीक झालेला की तिलाच ओळखू येईना. मग दोन संध्याकाळी नुसतं भांडण, लय कोणी सोडली म्हणून.

लय कोणीच सोडली नव्हती. तिची फाइल ४४.१ किलोहर्ट्झची (म्हणजे आवाज सेकंदाला ४४,१०० वेळा मोजलेली, यालाच सँपल रेट म्हणतात) होती आणि माझा प्रोजेक्ट ४८ चा. बरीच सॉफ्टवेअरं फाइल आत घेताना हे आपोआप बदलून घेतात, पण माझ्याकडे ते सेटिंग बंद होतं त्यामुळे तिचं गाणं सरळ ४८ च्या वेगाने पळालं. चार मिनिटांचं गाणं यात साधारण साडेएकोणीस सेकंद आधी संपतं आणि सूर जवळपास दीड सेमिटोन (पेटीवरच्या लगतच्या दोन पट्ट्यांमधलं अंतर म्हणजे एक) चढतो. म्हणजे पांढरी एकचं गाणं काळी एक आणि पांढरी दोनच्या मध्येच कुठेतरी लटकतं, कुठल्याच वाद्याशी त्याचं जमत नाही.

हे आधी सांगायचं कारण, नवीन लोक पहिला प्रश्न विचारतात तो "माइक कुठला घेऊ". माइकमुळे अडलेलं गाणं मी फार कमी पाहिलंय, आधी काही ठरवलं नाही म्हणून पडून राहिलेली मात्र आमचीच तीन आहेत. खालची पद्धत त्या तिघांच्या राखेतून आलीये.

१. गाणं छोटं घ्या आणि एक कागद करा

पहिलं गाणं अडीच-तीन मिनिटांच्या वर नको. चाल सगळ्यांना झोपेतसुद्धा येईल अशी हवी. स्वतःचं नवीन गाणं असेल तर ते आधी दोन-तीनदा एकत्र बसून म्हणून घ्या, कारण रेकॉर्डिंगच्या मध्येच चाल बदलायला लागली की संपलं, प्रत्येकाला आपापला भाग परत वाजवावा लागतो आणि दुसऱ्यांदा कोणी वाजवत नाही.

मग एक कागद, किंवा ग्रुपवर एक पिन केलेला मेसेज. त्यात एवढं हवंच:

- टेम्पो, आकड्यात. "मध्यम लय" चालणार नाही, ९२ बीपीएम (मिनिटाला ९२ ठोके) असं लिहा.
- पट्टी, आणि ट्यूनिंग कशाला धरून ते.
- सँपल रेट आणि बिट डेप्थ (प्रत्येक मोजणी किती बारकाईने लिहायची ते). आम्ही ४८ किलोहर्ट्झ आणि २४ बिट घेतो. ४४.१ घेतलं तरी काही बिघडत नाही, फक्त सगळ्यांचं एकच पाहिजे.
- गाण्याचा नकाशा: सुरुवातीचं म्युझिक किती आवर्तनं किंवा बार, मुखडा किती वेळा, अंतरा कुठे, शेवट कसा.
- कोण काय वाजवणार, आणि कोणत्या तारखेपर्यंत पाठवणार.
- फाइलचं नाव कसं ठेवायचं.

पट्टीबद्दल एक गोष्ट. ग्रुपमध्ये पेटी असेल तर तिचा मान पहिला. साधारणपणे वाद्यं ए (पांढरी सहा) हा सूर म्हणजे ४४० हर्ट्झ धरून लावतात पण जुन्या पेट्या थोड्या वर-खाली असतात, आणि पेटी काही संध्याकाळी बसून जुळवता येत नाही, ते घरच्या घरी करायचं काम नव्हे. ट्यूनरच्या ॲपसमोर पेटीचा तोच सूर धरा, आकडा बघा, समजा ४४३ आला तर तो कागदावर लिहा आणि गिटार, कीबोर्ड सगळे तिथे आणा. कीबोर्डच्या सेटिंगमध्ये ट्यूनिंग एकेक हर्ट्झने सरकवता येतं, ट्यूनरच्या ॲपमध्येही. आम्ही हे केलं नव्हतं तेव्हा पेटी आणि कीबोर्ड एकत्र वाजले की आवाजात एक लाट यायची, वाँव-वाँव अशी, आणि आम्ही महिनाभर समजत होतो की तो इफेक्ट आहे. एकाला तर तो आवडलाही होता.

२. सामान, आणि कशावर पैसे घालवू नयेत

लागणाऱ्या गोष्टी अशा: रेकॉर्ड करायला कॉम्प्युटर किंवा बरा फोन, वायरचे हेडफोन, एक माइक, माइकचा स्टँड, आणि एक सॉफ्टवेअर. बस.

१९७९ मध्ये पहिला पोर्टास्टुडिओ आला तेव्हा साध्या कॅसेटवर चार ट्रॅक (वेगवेगळे घेऊन एकत्र वाजवता येणारे भाग) मिळायचे, आणि लोकांनी त्याच्यावर घरबसल्या गाणी केली. तुमच्या खिशातल्या फोनमध्ये त्याहून कितीतरी जास्त ट्रॅक आहेत. त्यामुळे सामान कमी पडतंय हे कारण पहिल्या गाण्याला तरी देऊ नका.

सॉफ्टवेअरमध्ये ऑडॅसिटी फुकट आहे आणि जवळपास कुठल्याही कॉम्प्युटरवर चालतं. मॅक किंवा आयफोन असेल तर गॅरेजबँड फुकटच असतं आणि सुरुवातीला तेच सगळ्यात सोपं. बँडलॅब ब्राउझरमध्ये आणि फोनवर चालतं, एकाच प्रोजेक्टवर सगळे काम करू शकतात. रीपर ६० दिवस वापरून बघता येतं, नंतर लायसन्स घ्यायचं. मी त्याच्यावरच स्थिरावलोय पण पहिल्या दिवशी त्याचे मेनू बघून मी ते बंद करून झोपलो होतो हेही सांगतो. चौघांनी एकच सॉफ्टवेअर वापरायला हवं असं काही नाही. मिक्स करणारा, म्हणजे सगळ्यांचे भाग एकत्र जुळवणारा, एक ठरवा, बाकीच्यांनी वेव्ह फाइल (आवाज न दाबता ठेवणारी) पाठवली की झालं.

माइक दोन प्रकारचे भेटतील. कंडेन्सर माइक बारीकसारीक सगळं पकडतो, त्यात शेजारच्यांचा कुकर पण आला, आणि त्याला बहुतेक वेळा ४८ व्होल्टचा फँटम पॉवर (माइकच्या वायरमधूनच येणारी वीज) लागतो जो ऑडिओ इंटरफेसमधून (माइक कॉम्प्युटरला जोडणारा डबा) मिळतो. डायनॅमिक माइकला तो लागत नाही, तो जवळचंच जास्त ऐकतो आणि खोलीकडे जरा दुर्लक्ष करतो. घरात वर्दळ असेल तर डायनॅमिकच बरा. यूएसबी माइक थेट कॉम्प्युटरला लागतो, एका वेळी एकच जण गाणार असेल तर तो पुरतो. दोन जणांना एकाच वेळी वेगवेगळ्या ट्रॅकवर घ्यायचं असेल तर मात्र दोन इनपुटचा इंटरफेस लागेल, एकाच कॉम्प्युटरला दोन यूएसबी माइक लावून बघू नका, तो रस्ता डोकेदुखीकडेच जातो.

आणि ब्लूटूथ हेडफोन नकोत. कितीही भारी असले तरी नकोत. त्यात आवाज तुमच्या कानात सहज शंभर-दोनशे मिलिसेकंद उशिरा येतो, तुम्ही त्या उशिराच्या आवाजाबरोबर वाजवता, आणि रेकॉर्डिंगमध्ये तुम्ही कायमचे मागे. याच्यावर आमचे दोन पूर्ण ट्रॅक वाया गेलेत.

३. खोली

टाळी वाजवा. टाळीनंतर भिंतीवरून झणझण असा आवाज परत आला तर ती खोली गाण्याला वाईट. रिकामी खोली, फरशी, काचेच्या खिडक्या, सगळ्यात वाईट बाथरूम (गाताना तिथे फार गोड वाटतं ते सोडा, ती गोडी नंतर पुसता येत नाही). गाद्या, पडदे, कपड्यांनी भरलेलं उघडं कपाट असलेली खोली चांगली. गाणाऱ्याच्या मागे जाड रजई टांगा. मागे का, तर माइकचं तोंड गाणाऱ्याकडे असतं, म्हणजे माइक गाणाऱ्याच्या मागची भिंत ऐकत असतो.

अंड्यांचे ट्रे भिंतीला चिकटवू नका. पातळ फोमसुद्धा फक्त वरचे सूर खातो, खोलीचा घुमणारा खर्ज तसाच राहतो आणि बाहेरचा आवाज तर अजिबात अडत नाही.

पंखा, एसी, फ्रिज बंद. फ्रिज परत चालू करायची आठवण राहावी म्हणून मी गाडीची किल्ली फ्रिजवर ठेवतो. प्रत्येक टेकच्या (एकदा सलग गाणं किंवा वाजवणं म्हणजे एक टेक) आधी दहा सेकंद कोणीही काही न करता रेकॉर्डिंग चालू ठेवा, ती नुसत्या खोलीची शांतता नंतर घरघर कमी करायला नमुना म्हणून लागते.

खुर्ची हलवून बघा. आम्ही नव्हती बघितली.

४. गाइड ट्रॅक आणि क्लिक

ही पायरी सगळ्यात जास्त लोक गाळतात आणि सगळ्यात जास्त त्रास इथूनच होतो म्हणून जरा सविस्तर.

प्रत्येकाने वेगवेगळ्या घरी वाजवायचं असेल तर सगळ्यांच्या कानात एकच गोष्ट पाहिजे. ती म्हणजे गाइड. एक जण बसतो, सॉफ्टवेअरमध्ये कागदावरचा टेम्पो टाकतो, मेट्रोनोमची क्लिक (ठरलेल्या लयीतली टिक-टिक) चालू करतो आणि नुसती गिटार किंवा पेटी आणि साधं गुणगुणणं असं पूर्ण गाणं रेकॉर्ड करतो. सुंदर नको, बरोबर पाहिजे. सुरुवातीला दोन बार नुसती क्लिक, म्हणजे कुठून सुरू करायचं ते कळतं. मग गाइड आणि क्लिक एकत्र अशी एक वेव्ह फाइल सगळ्यांना.

आता सापळा. बरेच जण गाइड फोनवर ऐकतात आणि रेकॉर्ड लॅपटॉपवर करतात, किंवा उलट. असं करू नका. प्रत्येक यंत्राचं आतलं घड्याळ किंचित वेगळं चालतं, दहा लाखांत ५० चा फरक धरला तरी चार मिनिटांत १२ मिलिसेकंद होतात, आणि वर सुरुवात कुठे जुळवायची हा घोळ वेगळाच. गाइड त्याच सॉफ्टवेअरमध्ये एका ट्रॅकवर अगदी शून्यापासून ठेवा आणि खालच्या ट्रॅकवर तुमचं रेकॉर्ड करा. यूएसबी माइकला स्वतःचं हेडफोनचं भोक असेल तर हेडफोन तिथेच लावा, लॅपटॉपला नाही, म्हणजे ऐकणं आणि रेकॉर्ड करणं एकाच घड्याळावर चालतं.

आमचा तबलेवाला म्हणाला की क्लिकवर वाजवलं की जीव जातो गाण्यातला. त्याचं खोटं नाही. काही गाण्यांना लय थोडी श्वास घेत पुढे-मागे व्हायला लागते. मग अशा वेळी तबला आणि एक सुराचं वाद्य एकाच खोलीत बसून, क्लिकशिवाय, एकमेकांकडे बघत वाजवू द्या, आणि तेच गाइड. बाकीचे त्याच्यावर वाजवतील. फक्त मग नंतर कॉपी-पेस्ट करून एक अंतरा दुसऱ्या जागी लावता येणार नाही, हे आधीच मान्य करून टाका. क्लिक घ्यायची तर सगळ्यांनी घ्यायची. अर्ध्यांनी क्लिकवर आणि अर्ध्यांनी मनावर, याच्याइतकं वाईट काही नाही.

५. उशीर, म्हणजे लेटन्सी

माइकवर गाता, कॉम्प्युटर ते घेतो, परत तुमच्या हेडफोनमध्ये सोडतो, याला वेळ लागतो. सेटिंगमध्ये बफर साइझ असं काही दिसेल, म्हणजे कॉम्प्युटर एका वेळी किती आवाज साठवून पुढे सोडतो ते. ४८ किलोहर्ट्झला १२८ सँपलचा बफर म्हणजे साधारण २.७ मिलिसेकंद, १०२४ चा म्हणजे २१, आणि हे जाताना एकदा, येताना एकदा, असं दोनदा मोजायचं. रेकॉर्ड करताना बफर लहान, मिक्स करताना मोठा. लहान बफरला आवाज कडकडायला लागला तर बाकीचे प्रोग्रॅम बंद करा नाहीतर एक पायरी वाढवा. विंडोजवर इंटरफेसचा स्वतःचा एसिओ ड्रायव्हर टाका, विंडोजचा नेहमीचा घेतला की उशीर जास्त येतो.

सगळ्यात सोपा उपाय म्हणजे कॉम्प्युटरमधून परत येणारा स्वतःचा आवाज म्यूट करा आणि एक कान हेडफोनच्या बाहेर काढून गा. आमची गाणारी मैत्रीण असंच गाते. फक्त जो कान बाहेर काढलाय त्या बाजूचा हेडफोन गालाशी दाबून धरा किंवा बंद करा. तिच्या एका टेकमध्ये शेवटचा सा विरत जातो, अगदी हळू, डोळे मिटून ऐकावा असा, आणि त्या शांततेत मागे टिक, टिक, टिक, टिक. हेडफोनमधली क्लिक माइकमध्ये गेलेली. पूर्ण गाण्यात ती वाद्यांखाली लपते, नेमकी शेवटी उघडी पडते. तेव्हापासून गाइडमध्ये शेवटच्या बारनंतर आम्ही क्लिक ठेवतच नाही.

६. प्रत्यक्ष रेकॉर्डिंग

लेव्हल आधी. सगळ्यात जोरात जे गाणार किंवा वाजवणार ते एकदा करून बघा आणि मीटरची उडी उणे १२ ते उणे ६ डेसिबलच्या मध्ये राहील इतका गेन (माइकचा आवाज किती वाढवून घ्यायचा ते) ठेवा. शून्याला लागलं की आवाज फाटतो आणि तो फाटलेला परत शिवता येत नाही. कमी आलं तर २४ बिटमध्ये नंतर वाढवता येतं. तालमीपेक्षा खऱ्या टेकला माणूस जास्त जोरात गातो, सगळेच गातात, म्हणून थोडी जागा सोडाच.

गाताना माइक तोंडापासून एक वीत. फार जवळ गेलात की खर्ज फुगतो, आणि प, फ, भ म्हणताना हवेचा भप्पकन आवाज येतो. पॉप फिल्टर नसेल तर माइक तोंडाच्या समोर न ठेवता थोडा बाजूला ठेवून तोंडाकडे वळवा, हवा बाजूने निघून जाते. गिटारला माइक भोकासमोर ठेवू नका, नुसती घुमघुम येते. गिटारची मान जिथे तिच्या पोटाला मिळते तिथे, एक-दीड वितीवरून धरा. तबल्याला एकच माइक असेल तर दोन्हीच्या मध्ये वरून, मग बायां जास्त येतोय की दायां ते ऐकून इकडे-तिकडे सरकवा. पेटीचा भाता ऐकू येतो, त्याला इलाज म्हणजे माइक भात्यापासून लांब नेणं, दुसरा मला सापडलेला नाही.

फोनवर रेकॉर्ड करणार असाल तर एक बघून घ्या. बरेच फोन आवाज आपोआप कमी-जास्त करतात आणि सतत चालणाऱ्या आवाजाला गोंगाट समजून दाबतात. तानपुऱ्याला तर गोंगाटच समजतात. ॲपच्या सेटिंगमध्ये आवाजाची ही आपोआप सुधारणा बंद करता येते का बघा, नाहीतर बंद करता येईल असं दुसरं रेकॉर्डिंग ॲप घ्या. फोन टेबलावर उघडा ठेवू नका, खाली घडी केलेला टॉवेल.

टेक किती? आमचा नियम तीन पूर्ण टेक, आणि मग चुकलेल्या ओळी तेवढ्या. पंधरावा टेक पहिल्यापेक्षा चांगला कधीच नसतो, फक्त जास्त थकलेला असतो. चुकलेला टेक पुसू नका, तिसऱ्या टेकमधली एखादी ओळ पहिल्यातून उचलावी लागते. आणि चूक झाली तर थांबू नका, पुढे चालू राहा.

७. फाइल पाठवणं

इथे गाणी मरतात, शांतपणे.

एमपी३ पाठवू नका. गुणवत्तेचं एक जाऊ द्या, पण एमपी३ करताना फाइलच्या सुरुवातीला थोडी शांतता घुसते, साधारण २५ मिलिसेकंदांच्या आसपास, आणि ती प्रत्येक प्रोग्रॅममध्ये सारखी नसते. मग चौघांचे ट्रॅक चार वेगळ्या जागी सुरू होतात. वेव्ह किंवा फ्लॅक (आकार कमी, पण आवाज जसाच्या तसा) पाठवा.

व्हॉट्सॲपवर आवाज पाठवायचाच झाला तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. ग्रुपमध्ये बटण दाबून थेट गायलेला व्हॉइस मेसेज "चालेल का बघ" म्हणून येतो, तो चालत नाही. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिटचा एक मोनो ट्रॅक मिनिटाला साधारण साडेआठ एमबी होतो, चार मिनिटांचं गाणं म्हणजे ३५ च्या घरात, त्यामुळे जीमेलच्या २५ एमबीत बसत नाही. सरळ ड्राइव्हवर एक फोल्डर करा.

फाइल गाइडच्या अगदी शून्यापासून शेवटपर्यंत अखंड पाठवायची. तुमची बासरी दुसऱ्या मिनिटाला एकदाच वाजत असली तरीही आधीच्या दोन मिनिटांच्या शांततेसकट. म्हणजे समोरच्याने सगळ्या फाइली शून्यावर टाकल्या की गाणं जुळलं, कोणी माउसने ढकलत बसायचं नाही. आणि इफेक्ट न लावता. रिव्हर्ब (खोलीत घुमल्यासारखा इफेक्ट) लावून पाठवलेला आवाज म्हणजे साखर घालून आलेला चहा, साखर नंतर काढता येत नाही. तुम्हाला अमुकच इफेक्ट हवा असेल तर तशी दुसरी फाइल सोबत नमुना म्हणून टाका.

नाव असं: गाणं, वाद्य, टेक नंबर. "फायनल", "फायनल नवीन", "फायनल खरंच" असली नावं आमच्या जुन्या फोल्डरमध्ये अजून आहेत, त्यातलं खरं फायनल कुठलं ते आज कोणालाच माहीत नाही.

८. ऑनलाइन एकत्र वाजवता येईल का

सगळे हे विचारतात. व्हिडिओ कॉलवर नाही. कॉलचं सॉफ्टवेअर बोलणं स्वच्छ करायला बनलंय, ते वाद्यांना गोंगाट समजतं, आणि उशीरही खूप असतो. आवाज हवेत सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, म्हणजे १० मिलिसेकंद उशीर म्हणजे समोरचा साडेतीन मीटरवर बसलाय. तिथवर काही त्रास नाही. २५-३० च्या वर गेलं की एकमेकांची वाट बघता-बघता लय मंदावत जाते, हळूहळू, आणि कोणाच्या लक्षातही येत नाही. जॅम्युलस, सोनोबस अशी फुकट सॉफ्टवेअरं यासाठीच आहेत, वायफाय सोडून केबल लावली आणि माणसं फार लांबच्या शहरात नसतील तर तालमीला मजा येते. रेकॉर्डिंग मात्र आपापल्या कॉम्प्युटरवरच करा.

९. मिक्स

यावर पुस्तकं आहेत, मी फक्त क्रम सांगतो. सगळे फेडर (प्रत्येक ट्रॅकचा आवाज कमी-जास्त करायची सरकती बटणं) खाली. गाणाऱ्याचा आवाज आधी वर आणा, मग ताल, मग बाकीचे एकेक, शब्द कळत राहतील एवढेच. नुसत्या फेडरवर एक तास काढा, इफेक्टला हात न लावता. सत्तर टक्के मिक्स तिथेच होतो असं माझं मत आहे, बाकीचे तीस टक्के लोक व्हिडिओ बघून बिघडवतात.

मग पॅन (डावीकडे-उजवीकडे कोण ते): गाण्याचा आवाज आणि खर्ज मध्ये, गिटार आणि पेटी दोन बाजूंना. मग गाण्याच्या आवाजाला ८० ते १०० हर्ट्झच्या खालचं कापा, तिथे गाणं नसतं, रस्त्यावरचे ट्रक असतात. मग थोडा कॉम्प्रेसर (लहान-मोठा आवाज एकसारखा करणारा). मग सगळ्यांना मिळून एकच रिव्हर्ब, कमी-जास्त प्रमाणात, म्हणजे चार घरांतून आलेले आवाज एका खोलीत बसल्यासारखे वाटतात. रिव्हर्ब किती? ऐकू यायला लागला की थोडा मागे घ्या.

घरघर काढणारा इफेक्ट जपून वापरा, जास्त झाला की माणूस पाण्याखालून गातोय असं वाटतं. मिक्स फोनच्या स्पीकरवर ऐका, हेडफोनवर ऐका, शक्य असेल तर गाडीत ऐका. फोनवर शब्द कळले नाहीत तर ते कळतच नाहीत, कारण लोक तिथेच ऐकणार आहेत. रात्री अकरानंतर केलेला कुठलाही बदल सकाळी कान ताजे असताना तपासा.

मित्रांना मिक्स पाठवताना "कसं वाटलं" विचारू नका, "मस्त" एवढंच उत्तर येतं. "कुठला शब्द कळला नाही" आणि "तुझं वाद्य कमी आहे का" असं विचारा. दुसऱ्या प्रश्नाला सगळेच हो म्हणतात. आम्ही बदल सांगायच्या दोन फेऱ्या ठेवल्यात, तिसरी नाही.

१०. बाहेर काढणं आणि ठेवून देणं

अंतिम फाइल वेव्हमध्ये काढा, ऐकायला पाठवण्यापुरती एमपी३ वेगळी. आवाज मोठा करायच्या नादात लिमिटर (आवाजाची वरची टोकं दाबणारा) पिळू नका, स्पॉटिफाय आणि यूट्यूबसारख्या जागी फार मोठी गाणी उणे १४ लफ्सच्या (गाणं एकूण किती मोठं वाटतं त्याचं माप) आसपास खाली आणली जातात, तुमच्या हातात फक्त चपटलेलं गाणं उरतं. दुसऱ्याचं गाणं गाऊन टाकणार असाल तर हक्काचा दावा येऊ शकतो, घरातल्या घरात ऐकायला काही नाही पण जाहीर टाकण्याआधी परवानगीचं बघा. फुकट म्हणून घेतलेल्या लूपचीही (परत-परत वाजवायचे तयार तुकडे) अट वाचा, काहींना नाव देणं बंधनकारक असतं.

मग प्रत्येक ट्रॅकची वेव्ह, तो पहिला कागद, शब्द आणि प्रोजेक्ट असं सगळं एका फोल्डरमध्ये, दोन ठिकाणी. नुसता प्रोजेक्ट ठेवून भागत नाही, पाच वर्षांनी ते सॉफ्टवेअर तेच प्लगइन (वरून जोडलेले इफेक्ट) उघडेल याची खात्री नसते, वेव्ह मात्र कुठेही उघडते.

आमच्या पहिल्या पूर्ण झालेल्या गाण्यात दुसऱ्या अंतऱ्याच्या आधी, एक मिनिट बावन्न सेकंदाला, खुर्ची करकरते. तिन्ही टेकमध्ये करकरते, कारण गाणारी तिथेच श्वास घ्यायला मागे टेकते. काढायचा प्रयत्न केला तर तिचा श्वासही जात होता, म्हणून ठेवली. आता प्रत्यक्ष म्हणताना तबलेवाला तिथे तोंडाने करकर करतो.